'प्रेस' : एका इंग्रजी शब्दाची वऱ्हाडातील कुळकथा

अकोला आणि अमरावती या दोन जिल्ह्यांत 'प्रेस' हा इंग्रजी शब्द रोजच्या बोलण्यात किमान चार अर्थांनी वावरतो. कापसाच्या गाठी बांधणारा कारखाना म्हणजे प्रेस, लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके छापणारा छापखाना म्हणजे प्रेस, वार्ताहर आणि वर्तमानपत्रे यांचा समुदाय म्हणजे प्रेस, आणि 'कपडे प्रेसले टाकले' या वऱ्हाडी वाक्यात इस्त्री म्हणजेही प्रेस. त्यामुळे कोणी 'प्रेसमध्ये कामाला आहे' एवढेच सांगितले, तर तो गाठी बांधतो, अक्षरे जुळवतो की बातम्या लिहितो, हे पुढचे वाक्य ऐकल्यावाचून कळत नाही. हे अर्थ एकमेकांपासून दूरचे वाटले तरी त्यांचे कूळ एकच आहे, आणि वऱ्हाडात ते यंत्रांच्या मागोमाग उतरले आहे.

शब्दाचे मूळ 'दाबणे' या अर्थाच्या लॅटिन धातूत असून जुन्या फ्रेंचमधून तो इंग्रजीत आला. द्राक्षांचा रस काढण्यासाठी युरोपात वापरला जाणारा मळसूत्री दाबयंत्राचा सांगाडा पंधराव्या शतकाच्या मध्यास माइन्झ येथे योहान गुटेनबर्गने छपाईच्या कामाला लावला, आणि शाई लावलेल्या खिळ्यांवर, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांवर, कागद दाबणारे ते यंत्रही 'प्रेस'च म्हणवले गेले. पुढे यंत्राचे नाव त्यावर छापल्या जाणाऱ्या वर्तमानपत्रांना आणि त्यानंतर ती लिहिणाऱ्या माणसांना लागले. 'एक्सप्रेस' गाडी, 'प्रेशर' कुकर आणि 'इंप्रेशन' ही याच धातूची भावंडे होत. मात्र पूर्वी इंग्लंडच्या आरमारासाठी माणसे बळजबरीने पकडून नेणाऱ्या टोळ्यांच्या 'प्रेस-गँग' या नावातील प्रेस वेगळ्या कुळातला, आगाऊ रक्कम देण्याच्या व्यवहारातून आलेला आहे.

वऱ्हाडात या शब्दाचा सर्वांत वजनदार अर्थ कापसाशी जोडलेला आहे. रेल्वे येण्यापूर्वी इथला कापूस बैलांच्या पाठीवरून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत जात असे. 1842 मध्ये अमरावतीच्या एकाच व्यापाऱ्याने एक लाख बैलांवर लादून कापूस कलकत्त्याकडे धाडल्याचे गॅझेटियरात नमूद आहे. सैल कापूस वजनाने हलका आणि आकाराने अवाढव्य असल्याने अशा वाहतुकीचा मोठा भाग जागा व्यापण्यातच खर्ची पडे. 1853 मध्ये वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेला, 1861 ते 1865 या काळातील अमेरिकन यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना भारतीय कापसाची निकड भासली, आणि 1867 मध्ये मुंबईहून अकोला, बडनेरा असा येणारा लोहमार्ग नागपूरला पोहोचला. रेल्वेच्या डब्यात आणि जहाजाच्या तळघरात जागेला किंमत असल्यामुळे कापूस दाबून लहान करणे ही व्यापाराची पहिली गरज ठरली आणि वऱ्हाडच्या बाजारपेठांत यांत्रिक प्रेस उभे राहू लागले.

या कारखान्याचे जोडनाव 'जिनिंग-प्रेसिंग' असे आहे. 'जिन' हे 'एंजिन' या शब्दाचे आखूड रूप असून कापसातून सरकी, म्हणजे बी, वेगळी करणारे यंत्र असा त्याचा अर्थ आहे. सरकी निघाल्यावर उरते ती रुई, आणि ती वजनाने मूळ कापसाच्या साधारण एक तृतीयांश भरते. ही रुई प्रेसच्या उभ्या पेटीत भरतात, पाण्याच्या किंवा तेलाच्या दाबावर चालणारा दट्ट्या ती आवळत नेतो, दाब कायम असतानाच भोवती कापड आणि पट्ट्या बांधल्या जातात, आणि दाब सुटताच गाठ किंचित फुगून पट्ट्यांना ताणून धरते. आजची प्रमाणित गाठ 170 किलोची मानली जाते, तरी बाजारभाव अद्याप 784 पौंडांच्या, म्हणजे सुमारे 356 किलोंच्या, खंडीवर सांगितला जातो.

छापखान्याचा 'प्रेस'ही याच शतकात या भागात रुजला. अकोल्याहून 'वऱ्हाड समाचार' हे पत्र एकोणिसाव्या शतकातच निघत होते. लोहमार्ग नागपूरला पोहोचला त्याच 1867 साली ब्रिटिश हिंदुस्थानात मुद्रणालये आणि पुस्तकनोंदणीचा कायदा झाला, आणि प्रत्येक छापील पुस्तकावर व पत्रावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण देणे बंधनकारक झाले. या नियमामागे राज्यकर्त्यांचा हेतू पाळत ठेवण्याचा होता आणि त्याची झळ वृत्तपत्रांना बसत राहिली. डिसेंबर 1897 मध्ये अमरावतीला सर सी. शंकरन नायर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन भरले, तेव्हा 'केसरी'तील लिखाणाबद्दल राजद्रोहाची शिक्षा झालेले लोकमान्य टिळक तुरुंगात होते.

नाव लावण्याचे हेच बंधन पुढे कापसाच्या प्रेसवरही आले, हा या कुळकथेतील सर्वांत बोलका दुवा आहे. दाबून बांधलेल्या गाठीच्या आत काय आहे ते घेणाऱ्याला दिसत नाही. पाणी मारलेली रुई किंवा चांगल्या रुईच्या पोटात लपवलेली हलकी रुई गिरणीत गाठ फोडल्यावरच उघडी पडे, आणि तोवर ती कोठे बांधली गेली हे शोधणे कठीण होई. म्हणून 1925 च्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांच्या कायद्याने प्रत्येक गाठीवर अनुक्रमांक आणि त्या प्रेसची ठरलेली खूण उमटवणे आवश्यक केले. छापील कागदावरची मुद्रकाची ओळ आणि गाठीवरची खूण या दोन्हींचे हेतू भिन्न असले तरी दोन्हींचा परिणाम एकच झाला : आतील मालाला जबाबदार कोण, हे बाहेरूनच वाचता येऊ लागले.

कपड्यांचा 'प्रेस' या दोहोंच्या मानाने हलकाफुलका आहे. 'इस्त्री' हा मराठीत रुळलेला शब्द पोर्तुगीजांकडून आलेला मानला जातो. तो वऱ्हाडातही चालतो, पण शेजारच्या हिंदीच्या सहवासाने 'प्रेस करणे' हा प्रयोग इथे अधिक सहजपणे तोंडी येतो. व्यायामशाळेतील 'बेंच प्रेस' ही या कुळातली पुढची पिढी असून, 1914 मध्ये स्थापन झालेल्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या अमरावतीत तीही परकी राहिलेली नाही.

एवढ्या अर्थांतून गेलेल्या या शब्दाने वऱ्हाडाला यंत्राच्या नावाबरोबर एक रीतही दिली आहे. 1867 च्या कायद्याची जागा 2023 च्या नव्या कायद्याने घेतली, छपाईचे खिळे गेले आणि बातमी पडद्यावर आली, तरी ती रीत जुनी झालेली नाही. बंद गाठ विकणाऱ्याने जशी आपली खूण द्यावी, तशीच बातमी देणाऱ्यानेही तिच्यातील प्रत्येक शब्दाची जबाबदारी आपल्या नावावर घ्यावी. 'प्रेस' ही अक्षरे वाहनावर किंवा ओळखपत्रावर मिरवणाऱ्या प्रत्येकाकडून कापूस पिकवणाऱ्या या मुलखाची तेवढी अपेक्षा रास्त आहे.