चिंचवडच्या एका पिस्तुलाची चिकित्सा

गेल्या चातुर्मासांत चिंचवड येथील एका परिचित कुटुंबाकडून आमच्याकडे दोन वस्तू परीक्षणार्थ आल्या. एक, पिस्तुलाचें छायाचित्र. दुसरी, सुमारें चाळीस पानांची मोडी वही. पिस्तूल त्या घरच्या आज्यांचें. ते परवानाधारक होते. त्यांच्या पश्चात् तें कायद्याप्रमाणें शस्त्रविक्रेत्याकडे जमा आहे. घरांत समजूत अशी कीं, हें ‘चापेकरांचें पिस्तूल’ होय. तें स्मारकांत जावें व त्याखालीं तशी पाटी लागावी, अशी मालकांची इच्छा. “गुरुजी, आपण एक ओळ लिहून द्या म्हणजे झालें,” असें ते म्हणाले. ती ओळ आम्हीं लिहून दिली नाहीं. कां दिली नाहीं, हें येथें सांगावयाचें आहे. कारण असा मोह आमच्या संग्राहक मित्रांसही वारंवार पडतो.

प्रथम निर्विवाद गोष्टी घेऊं. ता. २२ जून १८९७ रोजीं व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणास ६० वर्षें झाल्याचा समारंभ गणेशखिंडीच्या सरकारी बंगल्यांत झाला. रात्रीं तेथून परततांना प्लेग कमिटीचे प्रमुख रँड यांजवर चिंचवडचे दामोदर हरि चापेकर यांनीं, व मागच्या गाडींतील लेफ्टनंट आयर्स्ट यांजवर त्यांचे बंधु बाळकृष्ण हरि यांनीं गोळी झाडिली. आयर्स्ट जागींच मेले, रँड ता. ३ जुलै रोजीं वारले. दामोदरपंतांस ता. १८ एप्रिल १८९८ रोजीं फांशी झाली. त्या कृत्याचें नैतिक मूल्यमापन हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. आमचा प्रश्न केवळ शस्त्राचा आहे.

दामोदरपंतांनीं तुरुंगांत लिहिलेलें आत्मवृत्त या बाबतींत फार बोलकें आहे. शस्त्र वापरणाऱ्याचा शस्त्रावर भरंवसा किती होता, हें त्यांतील तयारीवरूनच कळतें. दोघांजवळ प्रत्येकीं एक पिस्तूल व एक तरवार. बाळकृष्णपंतांजवळ शिवाय कुऱ्हाड. बेत असा कीं, दोघांनींही रँडवरच गोळ्या झाडाव्या, म्हणजे मरणाविषयीं संशय उरूं नये. प्रत्यक्षांत बाळकृष्णपंत मागें राहिले व रँडची गाडी पुढें गेली. दामोदरपंतांनीं गाडीचा पडदा उचलून अगदीं जवळून बार काढला. तरीही रँड अकरा दिवस जगले. यावरून आम्ही असें अनुमान करितों कीं, दूरच्या नेमाचा विचार त्या बंधूंनीं केलाच नव्हता. एक बार फुकट जाईल, हें गृहीत धरूनच जोडीला दुसरा माणूस व तरवार घेतली होती. १८७८ च्या हत्यारांच्या कायद्याखालीं परवान्याशिवाय शस्त्र बाळगणें गुन्हा असतां, मिळेल तें शस्त्र घ्यावयाचें व उणीव अंतर कमी करून भरून काढावयाची, हाच मार्ग होता.

आतां छायाचित्राकडे वळूं. हें पिस्तूल स्वयंभरणी जातीचें आहे. म्हणजे एक बार निघाला कीं त्याच्याच धक्क्यानें वरचा भाग मागें सरतो, रिकामें नळकांडें बाहेर पडतें व मुठींतील पेटींतून नवें काडतूस नळींत येतें. घोडा मात्र प्रत्येक वेळीं ओढावा लागतो. पिस्तुलाची नळी खालीं व स्प्रिंगची नळी तिच्यावर, अशी उफराटी मांडणी स्पष्ट दिसते. डाव्या अंगावर बेल्जममधील हर्स्ताल येथील कारखान्याचा ठसा व ब्राउनिंगच्या पेटंटाचा उल्लेख आहे. हीं सर्व लक्षणें त्या कारखान्याच्या १९०० च्या नमुन्याचीं. या पिस्तुलांची निपज १८९९ पासून सुरू झाली. जें शस्त्र १८९७ च्या जूनमध्यें निपजलेंच नव्हतें, तें गणेशखिंडीच्या रस्त्यावर असणें शक्य नाहीं. स्वयंभरणी पिस्तूल ही कल्पनाच तेव्हां नव्हती, असें मात्र कोणीं म्हणूं नये. मौझरचा नमुना १८९६ चा आहे. आमचें प्रमाण जातीवर नसून ठशावर आहे.

हें ऐकतांच मालकांनीं दुसरी शंका काढिली. ब्राउनिंग म्हणजे तर नाशिकच्या प्रकरणांतलें शस्त्र! तें खरें. १९०९ च्या आरंभीं विनायकराव सावरकरांनीं लंडनहून चतुर्भुज अमीन यांजबरोबर २० ब्राउनिंग पिस्तुलें पाठविलीं, व ता. २१ डिसेंबर १९०९ रोजीं विजयानंद नाट्यगृहांत अनंत लक्ष्मण कान्हेरे यांनीं कलेक्टर जॅक्सन यांजवर तसल्याच पिस्तुलानें एकामागून एक गोळ्या झाडल्या. १८९७ मध्यें ज्या कार्यास दोन माणसांची योजना करावी लागली, तें बारा वर्षांनीं एका हातानें झालें. यंत्राच्या भरंवशांत पडलेला फरक येथें डोळ्यांत भरतो. जॅक्सन हे संस्कृतज्ञ व पुराणवस्तूंचे व्यासंगी होते, आणि त्यांनीं जमविलेलीं लोककथांचीं टिपणें त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालीं, हेंही आमच्यासारख्यांनीं विसरूं नये. परंतु या जातीचीं पिस्तुलें लाखांनीं विकलीं गेलीं. त्या लाखांतील हें त्या वीसांपैकीं एक, असें म्हणावयास अंकाचा मेळ हवा. साम्य म्हणजे ऐक्य नव्हे.

राहिली वही. ती मोडींत असल्यामुळें घरांत कोणीं उघडून वाचलीच नव्हती! आम्हीं वाचली. पहिल्याच पानावर शके १८७० त, म्हणजे इ. स. १९४८ च्या सुमारास, मुंबईच्या विक्रेत्याकडून ‘बत्तीस नंबरी जुनें पिस्तूल’ घेतल्याची नोंद व परवान्याचा उल्लेख आहे. चापेकरांचें नांव वहींत कोठेंही नाहीं. आज्यांनीं तसा दावा कधीं केला नव्हता. तो पुढील पिढीनें चिंचवड व पिस्तूल हे दोन शब्द जोडून रचिला.

पुढील पानें मात्र अमोल आहेत. वहीकारानें आपल्या शस्त्राचे गुणदोष वर्षानुवर्षें टिपले आहेत. दहा पावलांवर नेम बरा, वीस पावलांवर हात व दैव. ताजें काडतूस असतां अडकणें क्वचित्. जुनें असतां धक्का अपुरा पडून रिकामें नळकांडें तोंडाशींच अडतें. आषाढांत दर आठ दिवसांनीं तेल. तेल जास्त झालें तर धूळ धरते. एके ठिकाणीं लिहितो कीं, पेटीची कड किंचित् वाकली असतां कारागिराकडे न नेतां स्वतः सरळ केली व महिनाभर पस्तावलों. हें वाचतांना आम्हांस शेजारच्या चाकणची आठवण झाली. १६६० च्या पावसाळ्यांत फिरंगोजी नरसाळ्यानें तेथील किल्ला शायिस्तेखानाविरुद्ध ५६ दिवस लढविला. तोड्याच्या बंदुकीस विस्तवाची वात लागे व पाऊस हा तिचा हाडवैरी. पावणेतीनशें वर्षांहून अधिक काळानेंही याच मुलुखांत शस्त्रधाऱ्याची पहिली चिंता आषाढाचीच राहिली.

निर्णय येणेंप्रमाणें. सदर पिस्तूल चापेकरांचें नव्हे. नाशिकच्या वीसांपैकीं असल्याचा पुरावा नाहीं. तें १९४८ च्या सुमारास कायदेशीर रीतीनें घेतलेलें एका गृहस्थाचें शस्त्र आहे. हें ऐकून मालक बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे आमच्या घरांत कांहींच नव्हतें?” आम्हीं वही त्यांच्यापुढें ठेविली व आज्यांचीं दोन पानें मोठ्यानें वाचून दाखविलीं. पस्तावल्याच्या नोंदीस ते हंसले. “अगदीं असेच बोलत,” असें म्हणाले.

वहीचें बाळबोध लिप्यंतर आम्हीं हातीं घेतलें आहे. पाटी हवीच असेल तर ती वहीखालीं लावावी व तीवर आज्यांचें नांव असावें.