गोयाच्या माद्रिद-वहीतील स्त्रिया

फ्रान्सिस्को गोयाच्या ज्या चित्रवहीला अभ्यासक ‘माद्रिद-वही’ म्हणतात, ती आजवर बहुधा शेवटाकडून वाचली गेली आहे. १७९९ मध्ये ‘काप्रिचोस’ ही ताम्रपटांवरून छापलेली ८० चित्रांची मालिका प्रसिद्ध झाली. तीत समाजाच्या ढोंगावर, कुंटिणींवर, धर्मगुरूंवर उघड प्रहार आहेत. वहीतील चित्रे ही त्या प्रहारांची पूर्वतयारी, असा आपला हिशेब. हिशेब खोटा नाही. परंतु त्यामुळे वहीतल्या स्त्रिया रस्त्यावर दिसण्यापूर्वीच दोषी ठरून जातात.

वही साधारणतः १७९६-९७ मधील मानली जाते. पानांना क्रमांक आहेत आणि पानाच्या दोन्ही बाजूंस चित्रे आहेत. साधन म्हणजे कुंचला आणि पाणी घातलेली शाई. ‘वॉश’ म्हटले की आपल्याला अवनींद्रनाथांची परंपरा आठवते. तेथे रंगविलेला कागद पुनःपुन्हा पाण्यात भिजवून चित्रावर धुके उतरवीत. गोयाची रीत याहून कितीतरी उघडी आहे. कागदाचा पांढरेपणा हाच प्रकाश. त्यावर करड्या शाईचे दोन-तीन सपाट हात, आणि मग डोळा, बुटाचे टोक, वस्त्राची कडा एवढ्याच ठिकाणी गडद शाईचा नेमका स्पर्श. मागची भिंत, दुकान, गर्दी बहुतेक ठिकाणी नाहीच. येथे रस्ता आहे हे आपण पायांच्या चालीवरून आणि जमिनीवर पडलेल्या सावलीवरून ओळखतो.

ही रिकामी जागाच अस्वस्थ करते. तरुण स्त्री ऐटीत चालली आहे. मागे शालीत गुरफटलेली वृद्धा. ही आई, सोबतीण, भिकारीण की कुंटीण? स्पॅनिश साहित्यात १४९९ सालच्या ‘सेलेस्तिना’पासून या वृद्धेला नाव मिळाले आहे; दामोदरगुप्ताचे ‘कुट्टनीमत’ वाचलेल्या आपल्या वाचकालाही ती अनोळखी नाही. पण ओळखीचा हा भरवसाच फसवा आहे. बाहेर पडताना काळा घागरा आणि ‘मांतिया’ हे ओढणीसारखे शिरोवस्त्र घेण्याची चाल खानदानी स्त्रियांतही होती आणि सामान्यांतही. डचेस कोणती, नखरेल ‘माहा’ कोणती आणि पोटासाठी उभी राहिलेली कोणती, हे ठरविण्याचे काम पाहणाऱ्यावर येते. ‘काप्रिचोस’च्या ७व्या चित्रात एक छैलछबिला डोळ्याला भिंग लावून अशाच एका स्त्रीला न्याहाळतो, तरीही त्याला ती कळत नाही, असा शीर्षकाचा आशय आहे. वहीत भिंग आपल्या हाती असते.

१७९२-९३ च्या आजाराने गोया बहिरा झाला, म्हणून त्याला हावभाव अधिक दिसू लागले, असे सांगण्याचा मोह टीकाकारांना होतो. ते सिद्ध करता येत नाही. शिवाय चित्रातल्या विचाराला दुखण्याचे निमित्त चिकटते.

वहीच्या उत्तरार्धात, ५५व्या पानाच्या सुमारास, चित्रांखाली शब्द येतात. एका चित्रात शिपाई स्त्रियांना पकडून नेत आहेत. यांना सान फेर्नांदोला नेतात, पण त्या शिक्षेला अधिक पात्र अशा दुसऱ्या कितीतरी असतील, अशा अर्थाचा मजकूर खाली आहे. सान फेर्नांदो हे माद्रिदजवळचे सुधारगृह. रस्त्यावरून उचललेल्या स्त्रियांना तेथे कामाला लावीत. दुसऱ्या एका पानावर केस कापलेल्या अशा स्त्रिया सूत कातताना दिसतात. शिपायांचे हेच चित्र ‘काप्रिचोस’मध्ये २२वे झाले, तेव्हा खाली ‘बिचाऱ्या’ एवढाच शब्द उरला. ‘दुसऱ्या कितीतरी’ गेल्या. आरोप गेला, दया राहिली. माझ्या मते या एका शब्दाने गोयाचे चित्र सौम्य केले. छापलेली मालिका माद्रिदच्या देसेंगान्यो, म्हणजे भ्रमनिरास, नावाच्या रस्त्यावर, अत्तरे व मद्ये विकणाऱ्या दुकानात ३२० रेआलांना मिळत असे. ज्यांच्याविषयी ती चित्रे होती, त्यांनी ती विकत घेणे शक्य नव्हते.

पुढे वहीची पाने सुटी होऊन विकली गेली. आज काही माद्रिदच्या प्रादो संग्रहालयात, काही न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये, काही इतरत्र आहेत. एलेनॉर सेअर यांनी १९६४ मध्ये गोयाच्या आठ वह्यांवर लेख लिहिला, तेव्हा विखुरलेली ही पाने पुन्हा वह्या म्हणून वाचता येऊ लागली. चौकटीत मात्र अजूनही एका वेळी एकच बाजू दिसते; पानामागची स्त्री भिंतीकडे तोंड करून असते.