जुन्कोबाईंचा एव्हरेस्ट



एव्हरेस्टवर पोचलेली पहिली बाई कोण, असं विचारलं की बचेंद्री पाल हे नाव हमखास पुढे येतं. भारतापुरतं ते बरोबरच आहे. त्या २३ मे १९८४ रोजी शिखरावर पोचल्या. पण जगातली पहिली बाई त्यांच्या नऊ वर्षं आधी तिथं उभी होती. नाव जुन्को ताबेई, देश जपान, तारीख १६ मे १९७५. उंची पाच फुटांहून कमी, आणि घरी जेमतेम तीन वर्षांची लेक. त्यांची गोष्ट आज सांगायची, कारण तिच्यात डोंगर कमी आणि आपल्या ओळखीच्या अडचणीच जास्त आहेत.

जुन्कोबाईंचा जन्म १९३९ चा, फुकुशिमा भागातल्या मिहारू गावचा. सात भावंडांचं घर. ही पोर तब्येतीनं नाजूक म्हणूनच ओळखली जायची. दहा वर्षांची असताना शाळेच्या सहलीत ती नासूचा डोंगर चढली. तिथं शर्यत नव्हती. हळू चाललं तरी वर पोचता येतं, हे तिला फार आवडलं. मोठेपणी डोंगर चढणाऱ्यांच्या मंडळांत गेल्यावर काही पुरुष तिच्याबरोबर चढायला तयार होईनात. ही नवरा शोधायला आली आहे, असंही बोललं गेलं. (नवरा पुढे डोंगरावरच भेटला, ही गोष्ट वेगळी. तोही गिर्यारोहक, आणि बायकोच्या पाठीशी उभा राहणारा.) मग १९६९ साली बायकांचं वेगळंच मंडळ निघालं. आपणच आपल्या परदेशी मोहिमेला जाऊ, एवढाच त्याचा हेतू. पुढच्याच वर्षी त्यांनी नेपाळमधलं अन्नपूर्णा-३ हे शिखर गाठलं.

एव्हरेस्टची परवानगी मिळायला वेळ गेला आणि पैसा उभा करायला त्याहून जास्त कष्ट पडले. मदत मागायला गेलं की ऐकून घ्यावं लागे, तुम्ही आपली मुलं सांभाळा. शेवटी एका वृत्तपत्रानं आणि एका टीव्ही कंपनीनं हात दिला, तरी प्रत्येकीला पदरची मोठी रक्कम घालावीच लागली. जुन्कोबाई पियानोच्या शिकवण्या घ्यायच्या. मोटारीच्या जुन्या सीटांपासून त्यांनी पाणी न शिरणाऱ्या पिशव्या आणि वरून घालायचे हातमोजे शिवले. चीनमधून मऊ पिसं आणून झोपायच्या पिशव्या घरीच भरल्या. शाळेत शिकवणाऱ्या मैत्रिणींना विद्यार्थ्यांनी न वापरलेल्या जॅमच्या पुड्या साठवून दिल्या. भिशी चालवणाऱ्या, जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या बाईला यातलं काहीच नवं वाटू नये.

पण ते ‘मुलं सांभाळा’ आम्हाला जरा टोचतं. रायगडाच्या हिरकणीची आख्यायिका आपण सगळ्यांनी ऐकली आहे. गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ, म्हणून ती रात्री कडा उतरून गेली. तिच्या नावाचा बुरूज आजही आहे. तिचं कौतुक आम्हीही करतो. मात्र तीच हिरकणी हौसेनं, स्वतःसाठी कडा चढली असती तर लोक काय म्हणाले असते?

मोहिमेत पंधरा बायका होत्या. ४ मे रोजी सुमारे ६,३०० मीटरवरच्या तळावर त्या झोपल्या असताना हिमकडा कोसळला. जुन्कोबाई बर्फाखाली गाडल्या गेल्या आणि शुद्ध हरपली. शेर्पांनी त्यांना ओढून बाहेर काढलं. पुढे दोनेक दिवस धड चालता येत नव्हतं. तरी बाराव्या दिवशी त्या आंग त्सेरिंग शेर्पा यांच्यासोबत शिखरावर होत्या. अकरा दिवसांनी तिबेटच्या बाजूनं फांतोग ही दुसरी बाई वर पोचली. तीही लेकुरवाळीच.

एवढं झालं तरी बायकांचं शरीर अशा कामाचं नाही, हे बोलणं थांबलं नाही. बर्फाच्या उतारावरून स्की बांधून उडी मारायचा खेळ पुरुषांसाठी ऑलिंपिकमध्ये १९२४ पासून आहे. बायकांना तो २०१४ साली खुला झाला. त्याआधी, २००५ मध्ये, त्या खेळाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे अध्यक्षच म्हणाले होते की वैद्यकीय दृष्टीनं हे बायकांना योग्य दिसत नाही.

आम्हाला याचं नवल वाटतं. डोक्यावर सरपणाची मोळी घेऊन बाई डोंगर उतरते तेव्हा तिच्या गर्भाशयाची काळजी कोण करतं? खरं तर बाळंतपणानंतर लगेच जड ओझी उचलली तर अंग बाहेर यायचा त्रास होऊ शकतो. काळजी तिथं हवी. मोकळ्या हातानं गड चढल्यानं ते होत नाही. उलट पाय, हाडं आणि छाती बळकट होते, आणि पाळी जायच्या वयात हाडं ठिसूळ होऊ लागतात तेव्हा या चालण्याचा फार उपयोग होतो.

चढताना धाप लागते, चक्कर येते, त्याचं कारण पुष्कळदा रक्त कमी असणं हे असतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांचं रक्त कमी निघालं. शेवटी जेवणारीच्या ताटात काय उरतं, हे आपल्याला ठाऊक आहे. आणि सहलीचं म्हणाल तर वाटेत आडोसा नाही म्हणून मुली दिवसभर पाणीच पीत नाहीत, मग लघवीची जळजळ घेऊन घरी येतात. शाळेची सहल किल्ल्यावर जाणार असेल तर पालक सभेत आपण तीनच गोष्टी विचारू: सोबत शिक्षिका कोण, वाटेत संडास कुठे, कुणाची पाळी आली तर पॅड कुणाजवळ. उत्तरं मिळाली तर सही करायला हरकत काय?

जुन्कोबाईंना २०१२ मध्ये कर्करोग झाल्याचं कळलं. तरी त्या चढत राहिल्या. भूकंप आणि त्सुनामीत होरपळलेल्या भागातल्या शाळकरी मुलांना त्या फुजी पर्वतावर नेत. २०१६ च्या जुलैमध्येही मुलांसोबत गेल्या, आणि त्याच ऑक्टोबरात वारल्या.

आणि आपल्या बचेंद्रीताई? २०२२ च्या मार्चमध्ये पन्नाशी ओलांडलेल्या बायकांना घेऊन त्या अरुणाचल प्रदेशातून निघाल्या, आणि हिमालयातल्या खिंडी पार करत जुलैमध्ये लडाखला पोचल्या. त्यांच्यात गृहिणीही होत्या. निघताना बचेंद्रीताईंचं वय होतं ६७.