जर्मन ग्रां प्री, १९५७

फॉर्म्युला वन जागतिक विजेतेपद मालिकेतील एकआसनी मोटारींची शर्यत. ४ ऑगस्ट १९५७ रोजी पश्चिम जर्मनीतील नुर्बुर्गरिंग येथे झाली. मासेराटी संघाच्या हुआन मान्युएल फँजिओ या अर्जेंटिनी चालकाने ती ३ तास ३० मिनिटे ३८.३ सेकंदांत जिंकली. फेरारीचा माइक हॉथॉर्न त्याच्यामागे अवघ्या ३.६ सेकंदांनी दुसरा आला. फँजिओचे पाचवे आणि अखेरचे जागतिक विजेतेपद याच शर्यतीत निश्चित झाले. जागतिक विजेतेपदाच्या शर्यतींतला हा त्याचा चोविसावा आणि शेवटचा विजय. एका चालकाने एका शर्यतीत दाखवलेल्या कौशल्याचा सर्वोच्च नमुना कोणता, या प्रश्नावर या खेळाचे जाणकार फारसे वाद घालत नाहीत. बहुतेकांचे उत्तर हीच शर्यत असते.

मार्ग : आयफेलच्या डोंगराळ, जंगलांनी भरलेल्या भागात नुर्बुर्गच्या जुन्या किल्ल्याभोवती १९२५ ते १९२७ या काळात हा शर्यतमार्ग बांधला गेला. त्याच्या उत्तरेकडील वळशाला नॉर्डश्लायफ म्हणतात. त्या वेळी एक फेरी २२.८१ किमी.ची होती आणि तीत दीडशेहून अधिक वळणे होती. मार्गाच्या सर्वांत उंच व सर्वांत सखल जागांत सुमारे ३०० मीटरचा फरक आहे. रस्त्याला इतके चढउतार की काही उंचवट्यांवर गाडीची चाके जमीन सोडत. कडेला झाडे, कुंपणे आणि चर होते. संरक्षक कठडे जवळजवळ नव्हतेच. दोन मोटारींच्या ताकदीतला थोडाफार फरक अशा रस्त्यावर झाकला जाई आणि चालकाची स्मरणशक्ती, नजर व धीर यांना मोल येई. शर्यत २२ फेऱ्यांची, म्हणजे ५०१.८२ किमी.ची होती.

गाड्या आणि डावपेच : त्या काळच्या नियमांनुसार इंजिन २.५ लिटरपर्यंतचे असे. फँजिओची मासेराटी २५०एफ सहा सिलिंडरांची होती. फेरारीची ८०१ ही आठ सिलिंडरांची गाडी मूळच्या लॅन्शिया डी५० वरून विकसित झालेली होती. फेरारीने टाकी पूर्ण भरून, टणक एंगलबर्ट टायरांवर, एकदाही न थांबता शर्यत संपवायचे ठरवले. मासेराटीचे पिरेली टायर मऊ होते. ते एवढे अंतर टिकले नसते. म्हणून फँजिओने अर्ध्या टाकीवर निघायचे, हलक्या गाडीचा फायदा घेऊन आघाडी कमवायची आणि मध्यावर थांबून इंधन व मागचे टायर घ्यायचे, असा बेत आखला. दोन्ही हिशेब शहाणपणाचे होते. फेरारीचा बेत चुकीचा होता असे जे पुढे लिहिले गेले, ते शर्यतीचा निकाल कळल्यावर सुचलेले शहाणपण आहे.

शर्यत : सरावात फँजिओने ९ मिनिटे २५.६ सेकंदांची फेरी मारून पहिली जागा मिळवली होती. त्याचाच आदल्या वर्षीचा विक्रम ९ मिनिटे ४१.६ सेकंदांचा होता. सुरुवातीला हॉथॉर्न आणि त्याचा सहकारी पीटर कॉलिन्स पुढे गेले. तिसऱ्या फेरीत फँजिओने आघाडी घेतली आणि ती वाढवत सुमारे अर्ध्या मिनिटापर्यंत नेली. निम्म्याहून थोडी अधिक शर्यत झाल्यावर तो ठरल्याप्रमाणे थांबला, पण तिथे बेत फसला. चाक बदलताना गोंधळ झाला, मोलाचे सेकंद गेले आणि तो पाऊण मिनिटाहून अधिक पिछाडीवर, तिसऱ्या क्रमांकावर रस्त्यावर परतला. नव्या टायरांवर जम बसायला त्याला एक-दोन फेऱ्या लागल्या. त्या फेऱ्या त्याने मुद्दाम हळू मारून फेरारीला गाफील ठेवले, असेही सांगितले जाते. ही कथा आकर्षक आहे, पण पुढे जे घडले ते समजण्यासाठी तिची गरज नाही.

गरज आहे ती रस्त्याची लांबी लक्षात घेण्याची. तेव्हा चालकाशी बोलायला रेडिओ नव्हता. संघाची माणसे पाटीवर आकडे लिहून समोर धरत आणि गाडी समोरून गेली की ती पाटी दिसे. छोट्या मार्गावर हा निरोप दर दीड-दोन मिनिटांनी मिळे. नुर्बुर्गरिंगवर मात्र साडेनऊ मिनिटांतून एकदा. फेरारीच्या दोघांना आपण सुरक्षित आहोत असे वाटत होते आणि ते एकमेकांशीच झुंजत होते. फँजिओ दर फेरीला कित्येक सेकंद कापतो आहे हे त्यांच्या संघाला उमगून पाटीवर येईपर्यंत पुढची फेरी निघून जाई. एका फेरीत जेवढे अंतर घटत होते, त्याच्या मानाने निरोप फारच मंद होता.

फँजिओने एकामागून एक विक्रम मोडले. विसाव्या फेरीत त्याने ९ मिनिटे १७.४ सेकंद अशी वेळ दिली. सरासरी ताशी १४७.३ किमी. स्वतःच्या सरावातल्या वेळेपेक्षा ही ८.२ सेकंदांनी कमी आणि आदल्या वर्षीच्या विक्रमापेक्षा २४.२ सेकंदांनी कमी. ताजे टायर हे याचे एक कारण होतेच. मात्र हलक्या गाडीचे कारण इथे पुरे पडत नाही, कारण विसाव्या फेरीपर्यंत फेरारीच्या टाक्याही जवळपास रिकाम्या झाल्या होत्या. उरलेला फरक माणसाचा होता. फँजिओने पुढे सांगितले की नेहमी ज्या गिअरमध्ये वळण घेत असे, त्याच्या वरच्या गिअरमध्ये तो अनेक वळणे घेत होता. एरवी तो धोका मोजून आणि राखून चालवणारा चालक होता. त्या दिवशी त्याने ती राखीव जागा वापरली.

एकविसाव्या फेरीत त्याने आधी कॉलिन्सला गाठले. कॉलिन्सने प्रतिकार केला, पण फँजिओच्या चाकाखालून उडालेल्या दगडाने त्याच्या गॉगलची काच फुटली. त्याच फेरीत पुढे फँजिओने एका वळणावर आतल्या बाजूने, डावी चाके गवतात घालून हॉथॉर्नला मागे टाकले. हॉथॉर्न शेवटपर्यंत झगडला; ३.६ सेकंदांचा फरक त्याच झगड्याची साक्ष आहे. तिसरा कॉलिन्स, चौथा फेरारीचाच लुइजी मुसो, पाचवा व्हॅनवॉलचा स्टर्लिंग मॉस. सर्वाधिक वेगवान फेरीचा एक जादा गुण धरून फँजिओला ९ गुण मिळाले. फॉर्म्युला टूच्या लहान गाड्याही याच शर्यतीत धावत होत्या आणि त्या गटात पोर्शेचा एडगर बार्थ पहिला आला.

हरलेल्या दोघांनी शर्यतीनंतर फँजिओचे मनापासून कौतुक केले. कॉलिन्सच्या बाबतीत त्या कौतुकाला वेगळे महत्त्व आहे. १९५६ मध्ये मोंझा येथे स्वतःला विजेतेपदाची आशा असताना त्याने आपली गाडी फँजिओला दिली होती आणि त्या वर्षी फँजिओने चौथे विजेतेपद मिळवले होते. फँजिओने नुर्बुर्गरिंगवरच्या त्या दिवसाबद्दल नंतर अनेकदा सांगितले की तशी गाडी त्याने पूर्वी कधी चालवली नव्हती आणि पुन्हा कधी चालवू शकेल असे त्याला वाटले नाही.

पुढचे : १९५७ च्या अखेरीस आर्थिक अडचणींमुळे मासेराटीच्या कारखान्याने आपला संघ मागे घेतला. फँजिओ १९५८ च्या फ्रेंच ग्रां प्रीनंतर निवृत्त झाला. त्याच शर्यतीत मुसोचा अपघाती मृत्यू झाला. कॉलिन्स ३ ऑगस्ट १९५८ रोजी, या शर्यतीला वर्ष पुरे व्हायला एक दिवस असताना, नुर्बुर्गरिंगवरच झालेल्या अपघातामुळे मरण पावला. हॉथॉर्न १९५८ चा जागतिक विजेता झाला, निवृत्त झाला आणि जानेवारी १९५९ मध्ये इंग्लंडमध्ये साध्या रस्त्यावरील अपघातात गेला. नुर्बुर्गरिंगचा हा जुना मार्ग फॉर्म्युला वनने १९७६ मधील निकी लाउडाच्या भीषण अपघातानंतर सोडला.

फँजिओचा फेरीचा विक्रम एकच वर्ष टिकला. १९५८ मध्ये मॉसने ९ मिनिटे ९.२ सेकंदांची वेळ दिली. पाच विजेतेपदांचा उच्चांक मात्र २००३ पर्यंत, मायकेल शूमाकरने सहावे मिळवेपर्यंत अबाधित होता. ४६ व्या वर्षी जागतिक विजेता होण्याचा फँजिओचा मान अजून कोणी हिरावलेला नाही.