‘मराठीसाठी १ दाबा’: तो ‘टूं’ आवाज काय काम करतो?

कस्टमर केअरला फोन लावला की ‘मराठीसाठी १ दाबा’ ऐकू येतं. आपण दाबतो, ‘टूं’ वाजतं आणि पलीकडच्या मशीनला कळतं. कसं काय?

यासाठी आधी गोल डायलचा काळा फोन बघू. भोकात बोट घालून डायल फिरवायची आणि सोडायची. ती जागेवर परत येताना लाइनमधला करंट मोजून तुटायचा: ५ ला पाच वेळा, ० ला दहा वेळा. सेकंदाला साधारण १० ठोके. म्हणजे पोलिसांच्या १०० नंबरला एकूण २१ ठोके! एक्स्चेंजमधली यंत्रं हे ठोके मोजून लाइन जोडायची. अशा आपोआप चालणाऱ्या एक्स्चेंजचं पेटंट १८९१ मध्ये अमेरिकेत अल्मन स्ट्राउजरने घेतलं. त्याचा मूळ धंदा अंत्यविधीचा, हे ऐकून मला अजूनही गंमत वाटते.

बिल वाढू नये म्हणून आमच्याकडे डायलला छोटं कुलूप असायचं. आम्ही भावंडं मग रिसीव्हरखालची कळ टकटक दाबून नंबर लावायचो. कळ दाबली तरी करंट तुटतोच. ठोके डायलचे की कळीचे, एक्स्चेंजला काय कळणार?

पण हे ठोके एक्स्चेंजपर्यंतच उपयोगाचे. १९६३ मध्ये अमेरिकेत बटणांचा टच-टोन फोन आला. त्यात प्रत्येक बटणाला दोन सूर एकदम वाजतात, एक आडव्या ओळीचा, एक उभ्या ओळीचा. ५ दाबलं की ७७० आणि १३३६ हर्ट्झ. बोलण्यात नेमकी अशी जोडी सहसा येत नाही, त्यामुळे मशीन फसत नाही. आणि सूर हा आवाजच असल्याने बोलण्यासोबत थेट पलीकडे पोचतो. ‘१ दाबा’ शक्य झालं ते यामुळेच.

मोबाइलवर नंबर लावताना या सुरांची गरज नसते, नंबर डेटा म्हणून जातो. कॉल चालू असताना दाबलेला आकडाही फोन नेटवर्कला संदेशाने कळवतो. तरी कानावर पडतात ते सूर जुनेच. आणि इथे जरा सांभाळा: स्पीकर चालू ठेवून बँकेच्या कॉलवर पिन टाकलात आणि शेजारच्याने ते रेकॉर्ड केलं, तर सुरांवरून आकडे काढणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात. अशा वेळी फोन कानाशी धरा. अँड्रॉइडवर फोन ॲपच्या किंवा साउंडच्या सेटिंगमध्ये डायल पॅडचा आवाज बंद करता येतो. नाव कंपनीगणिक थोडं वेगळं असतं. आवाज बंद केला तरी आकडा बँकेकडे पोचतोच.