कुंपणातलं नाटक

1942 साली अमेरिका जपानशी लढत होती. तेव्हा तिथल्या सरकारनं जपानी वंशाच्या सुमारे 1 लाख 20 हजार माणसांना घरदार सोडायला लावून छावण्यांत डांबलं. ना खटला, ना गुन्हा. तिघांतले दोघं तर जन्मानं अमेरिकनच!

कॅलिफोर्नियातल्या मांझानार छावणीत पोरं सुरुवातीला जमिनीवर बसून शिकली, बाकंसुद्धा नव्हती. 1944 मध्ये छावणीतल्याच लोकांनी शाळेचं सभागृह बांधलं. शेवटच्या वर्गानं नाटक बसवलं, फोटोंचा वार्षिक अंक काढला. कुणी म्हणेल, कैदेत कसलं नाटक? पण शाळेचं शेवटचं वर्ष त्यांना पुन्हा कुठून मिळणार होतं?

त्याच वर्षी सरकारनं छावणीतल्या तरुणांना सैन्यात बोलावलं. आईबाप मात्र कुंपणातच.