मार्गशीर्षातली पिल्लं

थंडी सुरू झाली की आपल्या पाड्यांवर कुठे ना कुठे कुत्री व्यालेली सापडते. कुणाच्या पेंढ्याच्या उडवीखाली, कुणाच्या न्हाणीमागे, तर कुणाच्या थंड झालेल्या चुलीच्या राखेत. मग घरात बोलणं सुरू होतं की, ही पिल्लं ठेवायची की गोणीत घालून बारवीच्या रस्त्याला सोडून यायची? आज आम्ही याच पिल्लांबद्दल बोलणार आहोत. पण सुरुवात जरा मागून करू, कारण थंडी आणि कुत्रं यांचं आपल्याकडचं नातं फार जुनं आहे.

‘भाद्रपदातली कुत्री’ ही आपल्याकडची शिवी. आपण ती ऐकतो आणि तोंड फिरवतो. पण तिच्यात जुन्या माणसांचा साधा हिशेब आहे. गावातली कुत्री पावसाळा सरता सरता माजावर येतात आणि गाभण राहिल्यापासून साधारण ६३ दिवसांनी वितात. म्हणजे भाद्रपदातल्या गोंधळाची पिल्लं कार्तिकात जन्मतात. दोन आठवड्यांनी त्यांचे डोळे उघडतात आणि मार्गशीर्ष लागतो तेव्हा ती अंगणात लुटूलुटू फिरत असतात.

आता मार्गशीर्षात काय काय येतं ते आठवा. शुद्ध षष्ठीला चंपाषष्ठी. खंडोबाचं नवरात्र उठतं, वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा करतात. खंडोबाच्या घोड्यापाशी कुत्रं असतं, म्हणून त्या दिवशी कुत्र्यालाही घास घालतात. जेजुरीचे वाघ्ये स्वतःला देवाचं कुत्रं म्हणवत, कुत्र्यासारखे भुंकत, कोटंब्यातलं खात. मग पौर्णिमेला दत्तजयंती. दत्ताच्या पायाशी चार कुत्री, ते चार वेद असं आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं. वर्षभर ज्याला ‘हाड’ म्हणायचं, त्याला याच महिन्यात दोनदा मान. पिल्लांचं वय बघून कुणी सण ठरवले असं आम्ही म्हणत नाही. पण झालं असं की, ज्या वयात पिल्लाला माणसाच्या हाताची ओळख व्हायला हवी, नेमकं त्याच वयात गावातल्या बायका हातात रोडगा घेऊन अंगणात उतरत होत्या. (रोडगा खुशाल घाला, पण भरितातला कांदा नको. कांदा कुत्र्याच्या रक्ताला बाधतो.)

कुत्रं आपल्या दारात कधीपासून आहे? प्रवरेकाठी श्रीरामपूर तालुक्यात दायमाबाद नावाचं गाव आहे. तिथे १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला खणताना धातूची चार खेळण्यासारखी वाहनं सापडली. हत्ती, गेंडा, रेडा आणि चौथा बैलांचा रथ. ती नेमकी किती जुनी यावर जाणकारांत वाद आहे, पण बरेच जण ती सुमारे चार हजार वर्षांपूर्वीची मानतात. त्या रथाच्या दांडीवर, हाकणाऱ्याच्या पुढे, एक कुत्रं उभं आहे. आजही बैलगाडीबरोबर कुत्रं जातंच. ज्यानं ते घडवलं त्यानं आपल्याच गाडीचं कुत्रं पाहिलं असणार, असं आम्हाला वाटतं.

कुत्रं माणसाळवायची कला मात्र खरी धनगरणींकडे. दिवाळीच्या सुमाराला देशावरचे धनगर मेंढरं घेऊन घाट उतरतात आणि कोकणात थंडी-उन्हाळा काढतात. घोड्याच्या पाठीवर संसार लादलेला, त्यातच कोंबड्या, लहान कोकरं आणि कुत्र्याची पिल्लं. मुक्कामाला बाई चूल मांडते तेव्हा पिल्लू आणि कोकरू तिच्याच पायांत असतात. एकाच उबेत झोपतात, एकमेकांवर पडतात. पुढे तेच कुत्रं रात्री कळपाभोवती लांडग्यावर धावून जातं, पण कोकराला दात लावत नाही. हे त्याला छडीनं शिकवलेलं नसतं. ते कोकराला आपलं भावंड समजतं.

जे धनगरणीला ठाऊक होतं त्याचा प्रयोग अमेरिकेत फार उशिरा झाला. तिथल्या एका प्रयोगशाळेत काही पिल्लं मोठ्या कुंपणात आईजवळ ठेवली, पण माणसाचा हात लागू दिला नाही. मग काहींना तिसऱ्या आठवड्यात, काहींना पाचव्या, सातव्या, नवव्या आठवड्यात बाहेर काढून माणसात आणलं. ती माणसाळली. जी चौदा आठवडे तशीच राहिली, ती पुढे रानटी जनावरासारखी बुजरी झाली आणि नंतर कितीही लळा लावला तरी फारसा उपयोग झाला नाही. हे १९६१ साली छापून आलं. म्हणजे तिसऱ्या आठवड्यापासून पहिले तीन महिने हाच तो काळ. आपल्याकडे तो बरोबर थंडीत येतो.

आता उलटी बाजू. ‘नेऊन सोडा’ हा उपाय कुठून आला? १८३२ साली मुंबईत कंपनी सरकारनं मोकाट कुत्री मारायला माणसं लावली होती. एका कुत्र्यामागे आठ आणे. पैशाच्या लोभानं दारातली पाळलेली कुत्रीही ओढून नेऊ लागले. पारशी लोकांत कुत्रं पवित्र, मेलेल्या माणसाचं अखेरचं दर्शन कुत्र्याला घडवतात. ६ जूनला त्यांच्या सणाच्या दिवशीच कुत्री मारणारे आले आणि लोक भडकले. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद राहिली, कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीचं पाव-पाणी अडलं. मग तडजोडीचा एक मार्ग पुढे आला. मारू नका, शहराबाहेर न्या. त्यातूनच १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई वगैरे मंडळींनी मुंबईचा पांजरपोळ काढला. पांजरपोळात निदान चारा-पाणी होतं. पुढे लोकांनी त्यातलं चारा-पाणी विसरून ‘शहराबाहेर’ एवढंच लक्षात ठेवलं.

शहराबाहेर म्हणजे कुठे? आपल्या दारात. बारवी धरण औद्योगिक विकास महामंडळानं बांधलं, त्याचं पाणी अंबरनाथ, बदलापूर, उल्हासनगरकडे जातं. पाणी तिकडे गेलं आणि तिकडून रस्त्यानं इकडे काय काय आलं ते आपण बघतोच. गाडीचं दार उघडून सोडलेलं कुत्रं त्यातलंच एक. ते बिचारं आपल्या वासाला बुजतं, आपल्या कुत्र्यांकडून मार खातं आणि शेवटी कुणाच्या तरी पोराला चावतं.

इकडचं कुत्रंही बदललं. पूर्वी कातकरी-ठाकर वस्त्यांवरची कुत्री ससा-डुकरामागे रान तुडवत. १९७२ सालच्या वन्यजीव कायद्यानं शिकार बंद केली. ती व्हायलाच हवी होती. पण कुत्र्याचं काम गेलं, साखळी आली. चोवीस तास बांधलेलं कुत्रं चवताळतं, यात त्याचा काय दोष? सकाळी पाण्याला, शेताला जाताना त्याला बरोबर न्या. थंडीत त्याला धावायला आवडतं आणि बरोबर चालणाऱ्या कुत्र्याला दुसरी माणसं, दुसरी गुरं पाहायची सवय राहते.

रात्री मात्र आत घ्या. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास झाला, तो २०१४ साली प्रसिद्ध झाला. बिबट्यानं खाल्लेल्या मांसात ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. आपल्याही रानात बिबट्या आहे. ओट्यावर बांधलेलं कुत्रं राखण करत नाही, बिबट्याला घरापर्यंत बोलावतं.

अंगाची निगा अगदी साधी. थंडीत आंघोळीची घाई नको. घालायचीच तर भर दुपारी, कोमट पाण्यानं, आणि लगेच गोणपाटानं पुसून उन्हात बसवा. त्यापेक्षा रोज दुपारी उन्हात जुन्या फणीनं केस विंचरा. कानांत, काखेत, बोटांच्या बेचक्यांत गोचिड्या बघा. खरूज झाली तर जळकं इंजिन ऑइल किंवा रॉकेल चोळू नका. ते चाटून कुत्रं मरतं. गुरांचं गोचिडीचं औषधही अंदाजानं लावू नका, डॉक्टरांना विचारा. झोपायला जमिनीवर पेंढा आणि वर गोणपाट पुरे, ते आठवड्यातून एकदा झटकून उन्हात टाका.

पिल्लांना आईपासून दोन महिन्यांच्या आत तोडू नका. मुलांना शिकवा की पिल्लू शेपटीनं उचलायचं नाही, आई जेवताना जवळ जायचं नाही. रोज थोडा वेळ वेगवेगळ्या माणसांनी पिल्लाला हातात घ्यावं. म्हाताऱ्यांनी, पोरांनी, काठीवाल्यांनी, टोपीवाल्यांनी सुद्धा. शेळी-कोंबडी त्याच्यासमोर फिरू द्या. माद्या ठेवायला कुणी धजत नाही, त्यांनाच गोणीत जावं लागतं. त्याला उतारा निर्बीजीकरणाचा. २००१ सालापासून केंद्राच्या नियमांत हेच आहे की, मोकाट कुत्र्याचं ऑपरेशन करावं, रेबीजची लस टोचावी आणि त्याच्याच जागी परत सोडावं. नेऊन दुसरीकडे टाकणं त्यात बसत नाही. ग्रामसभेत हा विषय बायकांनी काढायला हरकत नाही.

आणि कुत्रं चावलंच, मग ते पिल्लू असो की घरचं, तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही भरू नका. लगेच सरकारी दवाखाना गाठा आणि लसीचे सगळे डोस पुरे करा. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळपास कधीच वाचत नाही.

कार्तिकात जन्मलेलं पिल्लू माघात तीन महिन्यांचं होतं. तेव्हा त्याला रेबीजची पहिली लस द्यायची. प्रत्येकीनं एकेकट्यानं पिल्लू काखेत मारून जाण्यापेक्षा गटातल्या सगळ्यांची पिल्लं मोजा, तो आकडा पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा आणि डॉक्टरांना एक दिवस पाड्यावरच यायला सांगा.